भातखाचर आणि हिमनदी

आमच्या शाळेच्या शिक्षकदालनात मधल्या सुट्टीत चहाबरोबर जे वाद रंगतात, त्यांपैकी एक वाद गेली काही वर्षे दर उन्हाळ्यात न चुकता उपस्थित होतो. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात, पृथ्वी तापत आहे व तिला माणूस तापवीत आहे, हे जगभरच्या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. मग त्यावर वाद कसला? इतिहासाचे शिक्षक त्यावर उसळून म्हणतात, की शंभर-दीडशे वर्षे कोळसा आणि तेल ज्यांनी जाळले, तेच आज आमच्या चुलीचा आणि गाईगुरांचा हिशेब मागत आहेत. अशांचे शास्त्र आम्ही डोळे मिटून का स्वीकारावे? घंटा होते आणि वाद तेथेच राहतो.

या दोघा सहकाऱ्यांचे बोलणे ऐकताना एक गोष्ट माझ्या मनात वारंवार येते. ते दोन निरनिराळ्या प्रश्नांवर भांडत असतात. शास्त्रज्ञ सांगतात ते खरे की खोटे, हा एक प्रश्न. जे घडत आहे त्याचा भार कोणी उचलावा, हा दुसरा. आपल्या देशात हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतले, की एकाचे उत्तर नको असले म्हणजे माणसे दुसऱ्याच्या आडोशाला जातात. हा गुंता कसा पडला याला इतिहास आहे, आणि त्यातील दोन प्रकरणे तर आपल्याच भूमीवर घडलेली आहेत. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असून त्याला समीकरणे उमगत नाहीत, हे आरंभीच कबूल केलेले बरे. पण ज्याला समीकरणे उमगत नाहीत त्यानेच विश्वास कोणावर व का ठेवावा, हा येथे मुख्य प्रश्न असल्यामुळे माझे अज्ञान या विषयाला अगदीच परके नाही.

हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड, वाढला तर पृथ्वी तापेल, हा विचार आजकालचा नाही. स्वीडनचे स्वांते अर्हेनियस यांनी १८९६ साली त्याचे गणित मांडले व कर्बवायू दुप्पट झाल्यास पाचसहा अंश तापमान वाढेल, असा अंदाज केला. त्यांना त्याची भीती वाटत नव्हती. थंड देशातला माणूस, थोडी ऊब त्यांना हवीच होती! पुढे १९३८ साली गाय कॅलेंडर नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने, जो वाफेच्या यंत्रांचा जाणकार होता व हवामानशास्त्र हा ज्याचा केवळ फावल्या वेळचा छंद होता, जगभरातील सुमारे दीडशे वेधस्थानांच्या नोंदी घरी बसून हाताने जुळविल्या, आणि पृथ्वी तापू लागली आहे असा निबंध लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे वाचला. तेथे बसलेल्या तज्ज्ञांना तो पटला नाही. त्यांत सर जॉर्ज सिम्पसन होते. तारुण्यात सिमल्याच्या भारतीय वेधखात्यात नोकरी केलेले, स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत गेलेले आणि पुढे ब्रिटिश वेधखात्याचे संचालक झालेले असे ते मोठे गृहस्थ. हवामानशास्त्राबाहेरच्या माणसांना वातावरणाची गुंतागुंत कळत नाही, अशा अर्थाचे त्यांनी ऐकविले. कॅलेंडरने मांडलेली तापमानवाढ आजच्या यंत्रांनी केलेल्या हिशेबाशी चांगली जुळते, हे आता दाखविले गेले आहे. तेव्हा छंदी माणूस बरोबर व तज्ज्ञ चूक, असे घडू शकते. मात्र कॅलेंडर बरोबर ठरला तो तज्ज्ञांविरुद्ध ओरडला म्हणून नव्हे. त्याच्यापाशी दीडशे ठिकाणच्या नोंदी होत्या.

१९५८ च्या मार्चमध्ये हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी हवेतील कर्बवायूची अखंड मोजणी सुरू केली. तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या घरात गेली. १९८८ च्या जूनमध्ये जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकेच्या सिनेटसमितीपुढे साक्ष दिली व त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली हवामानबदलाचे आंतरशासकीय मंडळ स्थापन झाले. येथपर्यंतचा भाग बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आपली कथा १९९० पासून सुरू होते. त्या वर्षी वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला व कोणते राष्ट्र वातावरण किती बिघडविते याची यादी दिली. पहिल्या पाचांत अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या जोडीला ब्राझील, चीन आणि भारत आले. यादी आकड्यांची होती, आणि आकड्याला एक प्रतिष्ठा असते. पुष्कळांनी ती तशीच उचलली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेतील अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी मात्र यादीच्या मुळाशी हात घातला. अग्रवाल हे कानपूरच्या आय.आय.टी.तून यंत्र-अभियंता होऊन पुढे पत्रकारितेत शिरलेले गृहस्थ. १९९१ साली या दोघांनी एक छोटी पुस्तिका काढली. तिच्या नावातच विषम जगातील तापमानवाढीचा व पर्यावरणाच्या नावाने चालणाऱ्या वसाहतवादाचा उल्लेख होता.

त्यांचे म्हणणे समजावून घेण्यासाठी गावाच्या गायरानाची कल्पना करावी. समुद्र व अरण्ये दरवर्षी हवेतील काही कर्बवायू शोषून घेतात. ते साऱ्या जगाचे गायरान होय. वॉशिंग्टनच्या हिशेबात ही शोषणाची सवलत प्रत्येक राष्ट्राला त्याच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात दिली होती. म्हणजे ज्याची गुरे जास्त, त्याला गायरानाचा वाटाही जास्त! अग्रवाल-नारायण यांनी विचारले, की वाटणी माणशी का करू नये? तशी केली तेव्हा भारत आणि चीन यांचा वायू त्यांच्या न्याय्य वाट्याच्या आतच बसला. शिवाय त्यांनी असाही सवाल केला, की बंगालमधील गरीब शेतकऱ्याच्या भाताच्या शेतातून निघणारा मिथेन व अमेरिकेतील मोटारीतून निघणारा धूर एकाच तागडीत कसा घालता येईल? एक पोटासाठी, दुसरा चैनीसाठी.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण आमच्या इतिहासशिक्षकांच्या हातून ती नेहमी निसटते. अग्रवाल आणि नारायण यांनी पृथ्वी तापत आहे हे कोठेही नाकारले नव्हते. उलट तापमानवाढीचा पहिला फटका गरीब देशांनाच बसणार, म्हणून त्यांना तिची अधिक काळजी होती. त्यांनी नाकारला तो हिशेब. भौतिकशास्त्र मान्य आणि वाटणी अमान्य, अशी ही भूमिका होती. १९९२ च्या रिओ येथील कराराने सर्व राष्ट्रांची जबाबदारी सामाईक परंतु भिन्न भिन्न आहे, हे तत्त्व स्वीकारले. त्यामागे गरीब राष्ट्रांनी मिळून जो आग्रह धरला, त्याला या पुस्तिकेने शब्द पुरविले.

परंतु वाटणीचा वाद तत्त्वावर जिंकता आला, तरी मिथेनचा आकडा तसा जिंकता येण्यासारखा नव्हता. अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण खात्याच्या १९९० च्या अंदाजाप्रमाणे भारतातील भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन निघत होता. आमच्या खानापूर तालुक्यात भात हेच मुख्य पीक असल्यामुळे या आकड्याकडे मी पुढे कुतूहलाने पाहिले. रोपलावणीनंतर खाचरात पाणी तुंबून राहते, चिखलात प्राणवायू पोहोचत नाही, आणि तेथील सूक्ष्म जंतू कुजलेल्या काडीकचऱ्यापासून मिथेन तयार करतात. भाताच्या ताटात ज्या पोकळ नळ्या असतात त्यांतून तो वायू वर येतो. हे सारे खरे आहे. प्रश्न होता तो, किती?

त्या ३ कोटी ८० लाखांमागे भारतातील मोजणी जवळजवळ नव्हतीच. युरोप-अमेरिकेतील शेतांत घेतलेली मोजमापे आपल्या भाताच्या एकूण क्षेत्राला लावून तो आकडा आला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. आशेष प्रसाद मित्रा यांनी यावर रागाचा लेख लिहिला नाही. त्यांनी १९९१ साली देशभरच्या प्रयोगशाळा एकत्र आणून मोजणीची मोहीम काढली. वातावरणाच्या अतिउच्च थरांचा अभ्यास करण्यात हयात घालविलेला हा शास्त्रज्ञ आता चिखलाकडे वळला. रीत साधी होती. खाचरातील रोपांवर एक पारदर्शक पेटी उपडी घालावयाची, ठरावीक वेळाने तिच्यातील हवा सिरिंजने काढावयाची, प्रयोगशाळेत तिच्यातील मिथेन मोजावयाचा, आणि हे निरनिराळ्या प्रांतांत, निरनिराळ्या मातीत, पीक वाढत असताना पुनःपुन्हा करावयाचे. निघाले ते असे, की आपली कितीतरी शेती पावसावर अवलंबून असल्याने खाचरे मधून मधून सुकतात. जमीन सुकली की तिच्यात हवा शिरते व मिथेन तयार होणे थांबते. डोंगरउतारावरच्या भातात तर पाणी साचतच नाही. एकूण आकडा आला सुमारे ४० लाख टन. पहिल्या अंदाजाचा जवळपास नववा हिस्सा!

पुढे २००४ साली भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या पहिल्या राष्ट्रीय निवेदनात १९९४ सालासाठी भातशेतीचा मिथेन सुमारे ४१ लाख टन असाच दाखविण्यात आला. अविश्वासाचा असा उपयोग झालेला पाहिला म्हणजे बरे वाटते. शास्त्रावर शंका घेतली ती शास्त्राच्याच मार्गाने, आणि त्यात शास्त्राचाच लाभ झाला. या यशाला माझ्या मते एकच गालबोट लागले. ‘पाश्चात्य शास्त्रज्ञ आपल्याविरुद्ध आकडे फुगवितात’ एवढाच धडा अनेकांनी त्यातून घेतला, आणि तो पुढच्या प्रकरणात आड आला.

ते प्रकरण हिमालयातील हिमनद्यांचे. त्यात प्रस्तुत लेखकाचाही एक लहानसा, लाजिरवाणा वाटा आहे. आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात, आशिया खंडावरील प्रकरणात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीही नाहीशा होण्याचा फार मोठा संभव आहे, असे विधान होते. त्याच वर्षी मंडळाला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००८ साली नववीच्या वर्गात भूगोल शिकविताना मी तो आकडा फळ्यावर लिहिला, त्याभोवती चौकट काढली, आणि गंगेला पाणी कोठून येणार, असा प्रश्न मुलांना विचारला. वर्ग स्तब्ध झाला. शिक्षकाला अशी स्तब्धता फार आवडते.

२००९ च्या नोव्हेंबरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे निवृत्त उपमहासंचालक विजयकुमार रैना यांचा एक चर्चानिबंध केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी प्रसिद्ध केला. हिमनद्या मागे हटत आहेत, पण त्यांत विलक्षण असे काही नाही, आणि गंगोत्री तर अलीकडे जवळजवळ जागच्या जागी थांबली आहे, असे रैना यांचे मत होते. मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र पचौरी यांनी ते जादूटोण्याचे शास्त्र असल्याची संभावना केली. म्हणजे वाद दोन भारतीयांत लागला. एकीकडे हिमनद्यांवर आयुष्यभर पायपीट केलेला निवृत्त अधिकारी, दुसरीकडे नोबेलविजेत्या मंडळाचा अध्यक्ष. विश्वास ठेवावयाचा तो कोणावर?

दोन महिन्यांतच उत्तर आले. २०३५ हा आकडा मंडळाने एका निसर्गसंरक्षक संस्थेच्या २००५ च्या अहवालातून घेतला होता, त्या संस्थेने तो १९९९ च्या एका विज्ञानविषयक नियतकालिकातून, आणि नियतकालिकाने एका हिमनदीतज्ज्ञाच्या मुलाखतीतून. कोणत्याही टप्प्यावर मोजणी नव्हती. अधिक शोध घेतला तेव्हा रशियन भूगोलशास्त्रज्ञ कोत्ल्याकोव यांचा १९९६ चा एक अहवाल समोर आला. ध्रुवप्रदेशांबाहेरील साऱ्या जगातील हिमाचे क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखापर्यंत घटेल, असे त्यात होते. साल होते २३५०. नेमके तेच ५ लाख व १ लाख हे आकडे मंडळाच्या अहवालात हिमालयाच्या माथी मारले गेले होते, आणि सालातील अंक उलटेपालटे झाले असावेत. सातवीतल्या मुलाच्या वहीत अशी चूक सापडली तर आपण लाल शाईने गोल करतो. २० जानेवारी २०१० रोजी मंडळाने खेद व्यक्त केला.

त्याच आठवड्यात शाळेचे स्नेहसंमेलन होते. अकरावीत गेलेला एक माजी विद्यार्थी वर्तमानपत्राचे कात्रण खिशात घेऊन आला. ‘सर, तुम्ही चौकट काढली होती,’ एवढेच तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. मी त्याला सांगितले, की चूक त्यांची आहे. घरी आल्यावर जाणवले, की ते पूर्ण खरे नव्हे. तो आकडा कोठून आला हे विचारण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. त्या आकड्याने वर्ग गप्प होतो, एवढे मला पुरेसे वाटले होते.

या प्रकरणाचा पुढचा भाग वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. चूक उघडकीस आणली कोणी? कॅनडातील ग्रॅहम कॉगली आणि त्यांचे सहकारी, म्हणजे हिमनद्यांचेच शास्त्रज्ञ. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१० च्या जानेवारीत त्यांचे पत्र आले. ऑस्ट्रियाचे गेऑर्ग कासर यांनी तर अहवाल छापण्यापूर्वीच इशारा दिल्याचे सांगितले. हिमाच्या भौतिकशास्त्रावरील वेगळ्या खंडात ही चूक शिरलीच नव्हती. ती शिरली परिणामांवरील खंडात. आणि रैना यांचे काय झाले? २०३५ हा आकडा निराधार, हे त्यांच्या बाजूने खरे ठरले. परंतु हिमनद्यांना विशेष काही झालेले नाही, हे त्यांचे मत टिकले नाही. अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांनी १९७० च्या दशकात घेतलेली छायाचित्रे पुढे खुली झाली. त्यांची अलीकडच्या चित्रांशी तुलना करून २०१९ साली सुमारे ६५० हिमनद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० नंतर हिम वितळण्याचा वेग त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या मानाने दुपटीच्या जवळ गेला आहे, असे त्यात दिसले. त्याच वर्षी काठमांडूच्या पर्वतविकास केंद्राच्या अहवालाने तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाच्या अखेरीस हिमालय व हिंदुकुशातील सुमारे एकतृतीयांश हिम जाईल, असा अंदाज दिला. अध्यक्ष चुकले, निवृत्त अधिकारीही निम्मे चुकले, आणि बर्फ वितळतच राहिले.

शंकेचा आणखी एक प्रकार आहे, त्याचा ओझरता उल्लेख करतो. एक्सॉन या अमेरिकन तेलकंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० व ८० च्या दशकांत तापमानवाढीचे अंदाज बरेच अचूक बांधले होते, असे २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्येच दाखविण्यात आले, आणि बाहेर मात्र तीच कंपनी अनिश्चिततेचा घोष करीत राहिली. ही शंका मोजण्यासाठी घेतलेली नव्हती. ती विक्रीस ठेवलेली होती. मित्रांच्या पेटीची आणि हिची गल्लत आपण करता कामा नये.

आता जबाबदारीच्या प्रश्नाकडे वळू. २००४ च्या सुमारास बीपी या तेलकंपनीने लोकांना आपापला ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजण्याचे साधन उपलब्ध करून दिले. तुम्ही दिवे किती लावता, गाडी किती चालविता, हे भरा व आपल्या वाट्याचा कर्बवायू पहा. तेल उपसून विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला आत्मपरीक्षण करावयास लावावे, यातील गंमत आमच्या इतिहासशिक्षकांना फार आवडते, आणि ती खरीच आहे. परंतु माणशी हिशेब हे शस्त्र आपणच १९९१ साली परजले होते, हे ते विसरतात. ते शस्त्र देशाच्या सीमेवर येऊन बोथट का व्हावे?

२००७ साली ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने नेमका हाच प्रश्न विचारला. गरिबांच्या आड कोण लपले आहे, अशा आशयाचे नाव त्यांच्या अहवालाला होते. महिना ३०,००० रुपयांहून अधिक मिळकत असलेल्या भारतीयांचा कर्बवायू ३,००० हून कमी मिळकत असलेल्यांच्या सुमारे साडेचारपट असल्याचे त्यात दाखविले होते. कोट्यवधी लोकांकडे पुरेशी वीज नाही, म्हणूनच देशाची सरासरी लहान दिसते. आणि त्या सरासरीचे पांघरूण आपण, म्हणजे पगारदार वर्ग, अंगावर ओढून घेतो. या अहवालाची पाहणी लहान होती अशी टीका कोणी केल्यास मला तक्रार नाही. मोजणी आणखी करावी. पण तर्क तोच आहे, जो अग्रवाल-नारायण यांचा होता. वॉशिंग्टनला विचारताना तो न्याय्य, आणि घरात विचारला की देशद्रोह, हे मला मान्य होत नाही.

आज अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू निघतो, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे, व भारताची सुमारे २ टन. हे आकडे मी हल्ली वर्गात सांगतो; त्यांच्याबरोबर २०३५ आणि २३५० ही साले शेजारी शेजारी लिहितो, आणि ३ कोटी ८० लाख व ४० लाख हेही. ते कोणी, कोठे, कसे मोजले हे जमेल तितके सांगतो. चौकट काढत नाही. गेल्या जुलैमध्ये लावणीच्या दिवसांत, वर्गात निम्मी मुले शेतावर गेलेली असताना, पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, आपले किती टन?’ मी उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेली.

त्या रात्री विजेची बिले, स्वयंपाकाच्या गॅसचे पुस्तक व मोटारीच्या पेट्रोलचा हिशेब घेऊन बसलो. दिवाळीत मुलीकडे विमानाने गेलो होतो, तेही धरावे की नाही, यावर घरात थोडी चर्चा झाली. धरले. आकडा देशाच्या सरासरीच्या बराच वर गेला. दुसऱ्या दिवशी तो फळ्यावर लिहिला, आणि कसा काढला तेही लिहिले. विजेच्या आकड्यात एके ठिकाणी मी गुणाकार चुकलो होतो. तो त्याच मुलीने दुरुस्त केला.